मोजणी एडिटरची, निर्णय आपला

कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये शब्द रंगीत दिसतात. टिपणी करडी, आकडे वेगळ्या रंगात, अवतरणातला मजकूर आणखी तिसऱ्या रंगात. हे रंग ज्या नियमांनी ठरतात ते नियम कोणीतरी लिहिलेले असतात. ते बरोबर आहेत की नाही हे पाहण्यासाठी वेगळ्या चाचण्या असतात, आणि त्याही कोणीतरी हाताने लिहिलेल्या असतात. या लेखाचा विषय त्या चाचण्या आहे. त्या लिहिताना हाताला जे कष्ट पडतात ते कळफलकाच्या शॉर्टकटने कसे कमी करावेत, आणि कोणते कष्ट मुळीच कमी करू नयेत, हे इथे पायरीपायरीने पाहू. उदाहरण मराठी मजकुराचे घेतले आहे. देवनागरीसाठी नियम लिहिणाऱ्यापुढे काही अडचणी अशा येतात, ज्या इंग्रजी मजकुरावर काम करणाऱ्याच्या कधी लक्षातही येत नाहीत.

उदाहरणासाठी एक फाइल

बाजार समितीचे रोजचे भाव एका ठरलेल्या साच्यात येतात : बाजार समिती, शेतमाल, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकरी कुटुंबाला हे शब्द पाठ असतात. समजा, शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली एखादी विद्यार्थिनी किंवा खामगावच्या तंत्रनिकेतनातला एखादा विद्यार्थी हे भाव साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवतो आहे. एक ओळ अशी :

खामगाव, सोयाबीन, आवक ८५०, किमान ४०००, कमाल ४४००

आकडे नमुन्यापुरते आहेत. त्याला हवे आहे ते असे : एडिटरने बाजाराचे नाव एका रंगात दाखवावे, शेतमाल दुसऱ्या, ‘आवक’, ‘किमान’, ‘कमाल’ हे ठरलेले शब्द तिसऱ्या आणि आकडे चौथ्या. मग शेकडो ओळींमध्ये एखाद्या ओळीत स्वल्पविराम राहिला किंवा ‘किमान’चे ‘कीमान’ झाले, तर तिथला रंग बदलेल आणि चूक लगेच नजरेत भरेल.

सब्लाइम टेक्स्ट या एडिटरमध्ये असे नियम एका वेगळ्या फाइलमध्ये लिहितात. जॉन स्किनर यांनी २००८ साली हा एडिटर बाजारात आणला. २०१५ पासून त्यात नियमांसाठी स्वतःची मांडणी आहे. त्यापूर्वी तो २००४ साली मॅकसाठी आलेल्या टेक्स्टमेट या एडिटरची पद्धत वापरत असे. नियम म्हणजे मुळात एक नमुना आणि त्याला दिलेले नाव. मजकुराचा जो तुकडा नमुन्यात बसेल, त्याला ते नाव मिळते. या नावाला स्कोप म्हणतात. आकड्यांना ‘कॉन्स्टंट.न्यूमेरिक’, नावांना ‘एंटिटी.नेम’, ठरलेल्या शब्दांना ‘कीवर्ड’ अशी नावे द्यायचा प्रघात आहे. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत लिहावी लागतात. रंग नंतर येतो. कोणत्या स्कोपला कोणता रंग द्यायचा हे रंगसंगतीची थीम ठरवते. म्हणून चाचणीत आपण रंग तपासत नाही, स्कोप तपासतो.

चाचणी कशी लिहितात

सब्लाइममध्ये चाचणीच्या फाइलचे नाव ‘सिंटॅक्स टेस्ट’ या शब्दांनी सुरू करावे लागते. पहिल्या ओळीत टिपणीचे चिन्ह, मग मोठ्या अक्षरांत तेच दोन शब्द आणि अवतरणात नियमांच्या फाइलचा पत्ता. त्यानंतर खरा मजकूर, आणि प्रत्येक ओळीखाली तिची तपासणी :

खामगाव, सोयाबीन, आवक ८५०
#       ^^^^^^^

दुसऱ्या ओळीतले # टिपणीचे चिन्ह आहे. त्यापुढच्या ^ या चिन्हाला कॅरेट म्हणतात. कॅरेट ज्या रकान्यात आहे, वरच्या ओळीतल्या त्याच रकान्याचा स्कोप तपासला जातो. सात कॅरेट म्हणजे सात रकान्यांची तपासणी. कॅरेटनंतर अपेक्षित स्कोपचे नाव लिहायचे. एका ओळीखाली अशा कितीही तपासओळी चालतात. त्या सगळ्या वरच्या पहिल्या खऱ्या ओळीलाच लागू होतात.

एक अडचण उरते. टिपणीचे चिन्ह स्वतः पहिला रकाना अडवून बसते, त्यामुळे तिथे कॅरेट देता येत नाही. त्यासाठी <- असा डावा बाण आहे. टिपणीचे चिन्ह ज्या रकान्यात आहे, त्याच रकान्याचा स्कोप बाण तपासतो. ‘खामगाव’ हा शब्द ओळीच्या सुरुवातीला असल्यामुळे त्याचा पहिला रकाना बाणाने आणि उरलेले कॅरेटने तपासायचे.

अपेक्षित नावात वजाबाकीही करता येते. वजा चिन्हापुढे लिहिलेला स्कोप तिथे नसलाच पाहिजे, असा त्याचा अर्थ. चाचणी चालवायला कंट्रोल-बी. काही चुकले तर खाली निकालात फाइल, ओळ आणि रकाना दिसतो. एफ-४ दाबले की एडिटर थेट त्या जागी नेतो.

ही पद्धत इतकी सोयीची ठरली की इतरांनीही ती उचलली. व्हीएस कोडच्या टेक्स्टमेट-पद्धतीच्या नियमांसाठी अशाच कॅरेटने चाचण्या लिहिण्याचे साधन आहे. ट्री-सिटर या नव्या पिढीच्या विश्लेषकाच्या रंगचाचण्यांतही हेच कॅरेट आणि हाच बाण आहे. त्यामुळे इथे जे शिकू ते एका एडिटरपुरते राहत नाही.

कष्ट नेमके कुठे पडतात

वरची एक तपासओळ हाताने लिहायची तर आधी #, मग सात मोकळ्या जागा, मग शिफ्ट धरून सात कॅरेट, मग स्कोपचे लांबलचक नाव. एकच जागा कमी पडली तरी चाचणी शेजारच्या रकान्यावर जाते. नियम बरोबर असूनही निकाल चूक दाखवतो आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो. शंभर तपासओळींच्या फाइलमध्ये असे वारंवार घडले तर माणूस चाचण्या लिहिणेच सोडतो. हे नुकसान सर्वात मोठे आहे. चाचणी नसलेला नियम पुढच्या दुरुस्तीत कधी मोडला हे कोणालाच कळत नाही.

देवनागरीत हे कष्ट दोन कारणांनी वाढतात.

पहिले कारण मोजणीचे. ‘सोयाबीन’ या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात : सो, या, बी, न. युनिकोडमध्ये मात्र काना, मात्रा, वेलांटी यांना स्वतंत्र कोड पॉइंट आहेत. एडिटर रकाना मोजतो तो या कोड पॉइंटांनी, म्हणून त्याच्या लेखी ‘सोयाबीन’ सात रकान्यांचा आहे. ‘खामगाव’ चार अक्षरांचा आणि सहा रकान्यांचा. ‘क्विंटल’ तीन अक्षरांचा, पण क, हलंत, व, वेलांटी, अनुस्वार, ट, ल असे सात रकाने. ‘नांदुरा’ तीन अक्षरांचा आणि त्याचेही सातच. परिणामी कॅरेट बरोबर रकान्यात असले तरी पडद्यावर ते शब्दाखाली दिसत नाहीत, उजवीकडे सरकलेले दिसतात. ओळ जितकी लांब तितके अंतर वाढत जाते. देवनागरी अक्षरांची रुंदीही एकसारखी नसते. इंग्रजीत काम करणारा नजरेने जुळवून घेतो. मराठीत नजरेवर विसंबता येत नाही, मोजावेच लागते.

दुसरे कारण कळफलकाचे. इनस्क्रिप्ट ही मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केली. आज ती बहुतेक संगणकांवर आधीपासून उपलब्ध असते. या मांडणीत शिफ्ट धरून ६ दाबले की कॅरेट उमटत नाही, ‘त्र’ उमटतो. शिफ्ट आणि ३ ने # ऐवजी ‘्र’ येतो. शिफ्ट आणि स्वल्पविरामाच्या कळीवर < नसून ‘ष’ आहे. मराठी टंकनासाठी ही योजना उत्तम आहे, कारण जोडाक्षरे एका फटक्यात मिळतात. पण चाचणीला लागणारी तिन्ही चिन्हे, टिपणीचे #, कॅरेट आणि बाणाचे टोक, या मांडणीवर सापडत नाहीत. उभी रेघही नाही. म्हणून आपल्या फाइलमध्ये दोन माहितींच्या मध्ये उभ्या रेघेऐवजी स्वल्पविराम घेतला आहे, तो शिफ्टशिवाय मिळतो. परिणाम असा की मजकुराची ओळ मराठीत, मग विंडोज-स्पेस दाबून मांडणी बदलायची, तपासओळ इंग्रजीत, मग पुन्हा मांडणी बदलायची. प्रत्येक ओळीला दोनदा.

पहिली पायरी : साधी कळ

सब्लाइममध्ये शॉर्टकट लिहायची फाइल ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘की बाइंडिंग्ज’मध्ये उघडते. प्रत्येक शॉर्टकटच्या नोंदीत चार गोष्टी असू शकतात : कोणती कळ, कोणती आज्ञा, आज्ञेला द्यायची माहिती, आणि कोणत्या परिस्थितीत. शेवटच्या दोन ऐच्छिक असतात.

आधी सर्वात छोटी सोय करून घ्यावी. एक मोकळी कळ निवडून तिला ‘इन्सर्ट’ ही आज्ञा द्यावी आणि उमटवायचे चिन्ह म्हणून ^ लिहावे. आता मांडणी मराठी असो वा इंग्रजी, त्या कळीने कॅरेटच उमटेल. अशाच दुसऱ्या नोंदीने टिपणीचे चिन्ह आणि तिसऱ्या नोंदीने बाण. एवढ्यानेही अर्धा त्रास जातो, आणि प्रोग्रॅमची एक ओळही लिहावी लागत नाही.

कळ कोणती निवडायची याला मात्र महत्त्व आहे. कॅरेटच्या चिन्हावरच शॉर्टकट बांधला तर इनस्क्रिप्टमध्ये तो कधीच चालणार नाही, कारण ते चिन्ह तिथे उमटतच नाही. कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र धरण्याचे शॉर्टकटही टाळावेत. विंडोज या जोडीला उजवी ऑल्ट कळ समजते, आणि भारतीय मांडण्यांत उजव्या ऑल्टवर चिन्हे बसवलेली असतात. भारतीय इंग्रजी मांडणीत रुपयाचे ₹ असेच उजवी ऑल्ट आणि ४ ने उमटते. भावांच्या फाइलमध्ये ते चिन्ह लागणारच.

सर्वात भरवशाच्या कळा म्हणजे वरच्या रांगेतल्या एफ-कळा. मांडणी बदलली तरी त्या बदलत नाहीत. एफ-४, एफ-७, एफ-९, एफ-१२ यांना सब्लाइममध्ये आधीच कामे दिलेली आहेत, त्यामुळे एफ-८ सारखी मोकळी कळ पाहावी. अनेक लॅपटॉपवर या कळा आवाज आणि प्रकाश कमीजास्त करायला राखलेल्या असतात. तिथे एफएन कळ सोबत दाबावी लागते किंवा लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये बदल करावा लागतो. एखादी कळ दाबल्यावर एडिटरपर्यंत नेमके काय पोचते हे पाहायचे असेल, तर कन्सोल उघडून तिथे कळांची नोंद दाखवणारी आज्ञा चालू करता येते. शॉर्टकट का चालत नाही याचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळते.

दुसरी पायरी : परिस्थिती ओळखणारी कळ

चांगला शॉर्टकट गरज असेल तिथेच जागा होतो. टॅब कळ तपासओळीत वेगळे काम करणार असेल, तर बाकी ठिकाणी तिने आपले नेहमीचेच काम केले पाहिजे. यासाठी नोंदीतला चौथा भाग, म्हणजे परिस्थिती. कर्सर कोणत्या स्कोपमध्ये आहे, कर्सरच्या आधीचा मजकूर कोणत्या नमुन्यात बसतो, काही निवडलेले आहे की नाही, असे प्रश्न तिथे विचारता येतात. ही फाइल चाचणीची आहे का, असा तयार प्रश्न नसतो. त्यासाठी पायथनमध्ये छोटे प्लगइन लिहावे लागते. एडिटर परिस्थितीबद्दल विचारतो तेव्हा प्लगइन पहिली ओळ वाचते आणि हो किंवा नाही सांगते.

हे झाले की तीन रोजच्या कळांना नवी कामे देता येतात.

एंटर : चाचणीच्या फाइलमध्ये तपासओळीच्या शेवटी एंटर दाबले की पुढची ओळ टिपणीच्या चिन्हानेच सुरू व्हावी. रिकाम्या तपासओळीवर एंटर दाबले तर ते चिन्ह पुसले जावे आणि मजकुराची नवी ओळ सुरू व्हावी.

टॅब : तपासओळीत कॅरेटच्या आधी टॅब दाबला की कर्सरने वरच्या ओळीत जिथे पुढचा स्कोप सुरू होतो त्या रकान्यापर्यंत जावे आणि मधली जागा मोकळ्या जागांनी भरावी. इथे मोजणी एडिटर करतो. ‘क्विंटल’चे रकाने सात की तीन, हा प्रश्न माणसासमोर येतच नाही.

बॅकस्पेस : टॅबने जितक्या जागा भरल्या तितक्या एका फटक्यात मागे घ्याव्यात.

प्लगइनमधली एक आज्ञा जे काही बदल करते ते सगळे कंट्रोल-झेडच्या एका दाबाने परत फिरतात. शॉर्टकट भलतीच ओळ लिहून बसला तरी भीती नाही.

तिसरी पायरी : कॅरेट कोणाच्या सांगण्यावरून

आता मुख्य काम : कॅरेटची रांग आणि स्कोपचे नाव आपोआप लिहिणारा शॉर्टकट. तो दोन पद्धतींनी करता येतो, आणि दोन्हींतला फरक नीट समजून घ्यायला हवा.

पहिली पद्धत स्कोप विचारण्याची. प्लगइन तपासओळीवरून वर जात पहिली खरी ओळ शोधते. कर्सर ज्या रकान्यात आहे त्या रकान्याचा स्कोप एडिटरला विचारते. मग उजवीकडे एकेक रकाना सरकत, स्कोप तोच आहे तोवर कॅरेट वाढवत जाते. शेवटी स्कोपचे नाव लिहिते. नावातला सगळ्या फाइलला समान असलेला पहिला भाग आणि भाषा सांगणारी शेपटी वगळली तर तपासओळ आटोपशीर राहते. सब्लाइमसाठी पॅकेज लिहिणाऱ्यांच्या पॅकेजडेव्ह या जोडणीत ओळ जुळवण्याची आणि अशी तपासओळ सुचवण्याची सोय तयार मिळते. जुळवण्याची सोय सर्वांनी वापरावी. सुचवण्याच्या सोयीबाबत मात्र सावध राहायला हवे. ते का, हे जिल्ह्यातल्याच एका नावावरून पाहू.

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. त्यांतल्या तीन तालुक्यांची नावे दोन शब्दांची आहेत : देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि जळगाव जामोद. समजा, बाजारांच्या नावांचा नमुना लिहिताना यादीत आधी ‘जळगाव’ आले आणि नंतर ‘जळगाव जामोद’. शेजारच्या जिल्ह्याचे मुख्यालय जळगावच असल्याने ते नाव यादीत येणे स्वाभाविक आहे. नमुना शोधणारे इंजिन पर्याय डावीकडून तपासते आणि जो पहिला जुळेल तो घेते. त्यामुळे ‘जळगाव जामोद’ या ओळीतले ‘जळगाव’ एवढेच रंगेल आणि ‘जामोद’ बेरंग राहील. नियम चुकला आहे.

आता इथे सुचवणारा शॉर्टकट दाबला तर काय होईल? प्लगइन स्कोप विचारेल. ‘जळगाव’पर्यंत स्कोप सारखाच मिळेल, पुढच्या मोकळ्या जागेवर तो बदलेल. कॅरेट तिथेच थांबतील, नाव लिहिले जाईल, चाचणी चालवली की ती उत्तीर्ण होईल. चुकीवर चाचणीचा शिक्का बसला. पुढे कोणी नियम सुधारला आणि ‘जामोद’ही रंगू लागले तरी ही चाचणी काही बोलणार नाही, कारण तिने ‘जामोद’कडे कधी पाहिलेच नव्हते. विद्यार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच्याच उत्तरांशी ताडून पाहावी, तसे हे झाले.

म्हणून दुसरी पद्धत : निवडीवरून कॅरेट. मजकुराच्या ओळीत आपण ‘जळगाव जामोद’ हे पूर्ण नाव माउसने किंवा शिफ्ट आणि बाणाच्या कळीने निवडायचे आणि शॉर्टकट दाबायचा. प्लगइन निवडीचा पहिला आणि शेवटचा रकाना पाहते, खाली तपासओळ तयार करते आणि नेमक्या तितक्या रकान्यांखाली कॅरेट ओढते. नाव ओळीच्या सुरुवातीला असेल तर पहिल्या रकान्यासाठी बाणाची वेगळी ओळ आपणहून घालते. ‘जळगाव जामोद’चे ११ कोड पॉइंट आहेत. पहिला बाणाला, उरलेले दहा कॅरेटला. त्यानंतर कर्सर अपेक्षित नावाच्या जागी उभा राहतो आणि थांबतो. नाव आपण लिहायचे.

या पद्धतीत मोजणी पूर्णपणे एडिटरची, पण कुठून कुठपर्यंत आणि काय अपेक्षित, हे दोन्ही निर्णय माणसाचे. चुकलेल्या नियमावर ही चाचणी लगेच पडेल आणि ‘जळगाव’ संपल्यानंतरच्या रकान्याकडे बोट दाखवेल. नमुन्यात लांब नाव आधी लिहिले की ती उत्तीर्ण होईल. चाचणी आधी पडावी आणि दुरुस्तीनंतर उत्तीर्ण व्हावी, हा क्रम पाळला तर तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

मग सुचवणारा शॉर्टकट टाकून द्यायचा का? नाही. त्याचे स्वतःचे काम आहे. नियमांची जुनी फाइल नव्याने मांडायची असेल आणि आज जे वागणे आहे ते जसेच्या तसे टिकवायचे असेल, तेव्हा आजच्या वागण्याची नोंद करायला तोच सोयीचा. फक्त दोन शॉर्टकटना दोन वेगळ्या कळा द्याव्यात आणि नवा नियम तपासताना नेहमी निवडीचा शॉर्टकट वापरावा. एखाद्या जागेचा स्कोप नुसता पाहायचा असेल तर विंडोज आणि लिनक्सवर कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-पी दाबले की तो छोट्या चौकटीत दिसतो. पाहणे आणि लिहिणे वेगळे ठेवले की सवय चांगली लागते.

मराठीसाठी काय काय तपासावे

शॉर्टकटने वेळ वाचला की तो चाचण्यांची विविधता वाढवण्यात घालवावा. मराठी मजकुराच्या नियमांत पुढच्या जागा हमखास तपासण्यासारख्या आहेत.

मात्रेवर संपणारे शब्द : ‘चिखली’, ‘मोताळा’, ‘नांदुरा’. नमुन्यात ‘शब्दातले अक्षर’ असे सांगणारी खूण सगळ्या इंजिनांत एकसारखी वागत नाही. सब्लाइम आणि व्हीएस कोड वापरतात ते ओनिगुरुमा हे इंजिन मात्रेला शब्दाचा भाग मानते. पायथनचे मूळ इंजिन मानत नाही, आणि जावास्क्रिप्टमध्ये ती खूण देवनागरी अक्षरांना अजिबात ओळखत नाही. एकाच नमुन्याने एकीकडे ‘चिखली’ पूर्ण रंगेल आणि दुसरीकडे पहिल्या वेलांटीपाशीच तुटेल. शेवटच्या मात्रेखाली कॅरेट असेल तरच हे कळते.

आकडे : ‘८५०’ देवनागरीत आणि तोच आकडा इंग्रजी अंकांत, दोन्ही तपासावेत. पायथनमध्ये अंकाची खूण देवनागरी अंकही घेते, जावास्क्रिप्टमध्ये घेत नाही. नमुन्यात दोन्ही अंकसंच स्पष्टपणे लिहिणे सर्वात सुरक्षित.

अर्धा ऱ : ‘शेतकऱ्यांकडून’ हा शब्द मराठी फाइलमध्ये दोन तऱ्हेने साठवलेला सापडतो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यानंतर हलंत. दुसरीत साधा र, हलंत आणि जोडणी सांगणारे अदृश्य चिन्ह. इनस्क्रिप्टमध्ये ऱ शिफ्ट-जेवर आहे, त्यामुळे तिथून लिहिलेला शब्द सहसा पहिल्या तऱ्हेचा असतो. इतर साधनांतून आलेला दुसऱ्या तऱ्हेचा असू शकतो. दिसायला दोन्ही सारखे, रकाने मात्र वेगळे. चाचणीत दोन्ही ओळी हव्यात.

अनुस्वार आणि जोडाक्षर : ‘क्विंटल’सारखा शब्द एकाच ओळीत दोन्ही तपासतो. पुढे शब्दाला प्रत्यय लागून ‘क्विंटलला’, ‘क्विंटलमागे’ झाले तर रंग कुठे थांबावा, हेही आधी ठरवावे आणि मगच तपासावे.

दोन शब्दांची नावे : वर पाहिलीच.

आणि जिथे रंग नको त्या जागा. स्वल्पविरामाखाली एक कॅरेट देऊन वजाबाकीच्या चिन्हाने ‘इथे बाजाराचे नाव नाही’ असे लिहावे. नियम गरजेपेक्षा जास्त पसरला तर अशीच चाचणी तो पकडते.

रंगांची मर्यादाही लक्षात असू द्यावी. किमान दर कमाल दरापेक्षा जास्त लिहिला गेला, तर हे नियम ती चूक पकडू शकत नाहीत. ते मजकुराचा आकार पाहतात, आकड्यांचे मोल पाहत नाहीत. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो.

दुसऱ्या एडिटरमध्ये नेताना

कॅरेट आणि बाण सगळीकडे सारखे असले तरी रकाना मोजण्याचे एकक सारखे असेलच असे नाही. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट तीन बाइटचा असतो. ट्री-सिटर आतून जागा बाइटमध्ये मोजतो, त्यामुळे त्याच्या हिशेबात ‘सोयाबीन’ २१ बाइटचा आहे. एका साधनासाठी लिहिलेली तपासओळ दुसऱ्यात नेण्याआधी दोन-तीन मराठी ओळींवर ती कुठे लागते हे पडताळावे. शॉर्टकटचे प्लगइन लिहिताना मोजणीचा भाग एकाच ठिकाणी ठेवला तर साधन बदलल्यावर तेवढाच बदलावा लागतो.

सुरुवात कुठून करावी

सगळे एकदम करायची गरज नाही. आधी साध्या कळीने कॅरेट, # आणि बाण मिळवा. मग एंटर आणि टॅब यांना तपासओळीपुरती नवी कामे द्या. त्यानंतर निवडीवरून कॅरेट ओढणारी आज्ञा लिहा. पायथन शिकलेल्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले हे काम आहे. निवडीचे दोन टोकांचे रकाने घेणे, खाली ओळ घालणे, मोकळ्या जागा आणि कॅरेट मोजून लिहिणे, एवढेच त्यात आहे. सब्लाइमसोबत येणारे नियम आणि त्यांच्या चाचण्या गिटहबवर खुल्या आहेत. वेगवेगळ्या भाषांच्या चाचण्या वाचल्या की काय तपासावे याची जाण वाढते.

मराठीतला मजकूर दिवसेंदिवस अधिक प्रोग्रॅममध्ये वापरला जाणार आहे : बाजारभाव, पावसाच्या नोंदी, सात-बारा, पाठ्यपुस्तके. त्यासाठीचे नियम मराठी जाणणाऱ्यानेच लिहावे लागतील, कारण ‘जळगाव’ आणि ‘जळगाव जामोद’ ही दोन वेगळी गावे आहेत हे एडिटरला आपल्याशिवाय कोणी सांगणार नाही. ते सांगताना रकाने मोजण्यात आयुष्य जाऊ नये, एवढ्यासाठी शॉर्टकट. मोजून झाल्यावर अपेक्षित काय ते लिहिताना मात्र घाई करू नये. त्या एका शब्दासाठीच ही सगळी चाचणी लिहिलेली असते.